आभाळ कापावं की ठेवावं?

अंबाजोगाईत समुद्र सोडून बाकी सगळं आहे. योगेश्वरीचं देऊळ आहे, आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांची पासोडी आहे, हत्तीखान्यात दगडाचे हत्ती आहेत, आणि हे सगळं बघता बघता पाय मुरगळलाच तर स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालयही आहे. समुद्र तेवढा राहून गेला. त्याच्याशी आमचं नातं मात्र देवीनं जोडून ठेवलंय. योगेश्वरी ही कितीतरी कोकणस्थ घराण्यांची कुलस्वामिनी. ती कोकणातली, परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं, वऱ्हाड निघालं, इथवर येईपर्यंत मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी इथंच राहिली, अशी एक कथा आहे. हत्तीखान्यातले हत्ती त्या वऱ्हाडातलेच, हे गावात कुणीही सांगेल. लग्नाला उशीर झाल्याचा इतका जुना आणि इतका जड पुरावा दुसऱ्या कुठल्या तालुक्याकडे असेल असं वाटत नाही.

कोकणातली मंडळी अजून कुळाचाराला येतात. मार्गशीर्षातल्या नवरात्रात तर बरीच. येताना आंबापोळी आणतात, कोकम आणतात, आणि हल्ली कॅमेरा आणतात. देवळाबाहेर उभं राहून डोळे बारीक करत म्हणतात, "काय लख्ख उजेड आहे हो तुमच्याकडे!" मराठवाड्यात उजेडाचं कौतुक फक्त पाहुण्यांनाच असतं.

आमच्या पिढीनं पहिला समुद्र पाहिला तो फोटो स्टुडिओच्या पडद्यावर. निळंशार पाणी, वाकलेला माड, पौर्णिमेचा चंद्र, आणि पाण्यात राजहंस. खाऱ्या पाण्यात राजहंस कसा, असं कुणी विचारलं नाही. लग्न झाल्या झाल्या जोडपं त्या पडद्यापुढं उभं राहायचं. नवऱ्याच्या मनगटावर सासऱ्यानं दिलेलं घड्याळ, ते दिसावं म्हणून हात पोटाशी धरलेला. नवरीची नजर कॅमेऱ्याच्या थोडी खाली. त्या समुद्रावर कधी ढग आला नाही. त्यामुळं समुद्र निळाच असतो, हे आमच्या डोक्यात पक्कं बसलं. त्याला पहिला धक्का दिला तो सरांनी.

सर चित्रकलेचे. निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून त्यांनी मोठा कॅमेरा घेतला आणि गावातल्या हौशी मंडळींना जमवलं. त्यात बांधकामाचे एक ठेकेदार, कृषी सेवा केंद्राचे शेठ, सोयाबीनवाले आप्पा, आणि ट्रायपॉड उचलायला मी. रविवारी बुट्टेनाथ, मुकुंदराजाची दरी, नाहीतर धनेगावला मांजरा धरण. जलाशयाच्या काठावर उभं राहून सर म्हणायचे, "हा समुद्र समजा." धरण भरलेलं असलं की समजायला सोपं जायचं. २०१६च्या उन्हाळ्यात, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हा, त्याच काठावर उभं राहिलं तर समजायला तळाची भेगाळलेली माती तेवढी होती. तिचे फोटो काढायला त्या वर्षी लांबलांबून माणसं आली. त्यांना ढग मुळीच नको असायचा. चुकून एखादा आलाच तर कॅमेरा खाली ठेवून तो सरकायची वाट बघत बसायचे, कारण ढगाळ हवेत भेगांच्या सावल्या पडत नाहीत आणि फोटोतला दुष्काळ पातळ होतो. ढग जावा म्हणून वाट बघणारी माणसं आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. त्यांनी त्यांना चहा दिला, पण बोलले नाहीत.

सरांचं मत नेमकं उलट. "ऊन हा फोटोचा वैरी. उन्हात समुद्रावर नुसती चकाकी, आणि कातळाची सावली काळी ठिक्कर. ढग आला की उजेड एका बाजूनं न येता सगळ्या आभाळातून उतरतो. मग ओली वाळू, शेवाळ, होडीचा उडालेला रंग, सगळं आपापल्या जागी दिसायला लागतं. समुद्राचा फोटो काढायचा तर ढगाळ हवेतच." इथवर सगळ्यांना पटलं. मग सरांनी दुसरा नियम सांगितला. "फक्त एक. असलं आभाळ फोटोत पांढरं फटक येतं. त्यात बघायला काही नसतं आणि डोळा मात्र तिकडंच जातो. म्हणून ते कापायचं. फार तर बोटभर ठेवा."

"कापायचं?" आप्पा म्हणाले. "सर, मृग लागल्यापासून त्याच्याकडंच तर बघायलाव आम्ही."

वादाला इथून तोंड फुटलं आणि तो पुढं थेट गुहागरपर्यंत पुरला. गुहागर निवडण्याचं कारण साधं होतं. अनेक घरांत कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर आणि कुलस्वामिनी अंबाजोगाईची योगेश्वरी अशी जोडी असते. दरवर्षी तिकडून इकडं माणसं येतात, एकदा इकडून तिकडं जाऊन यावं, असं सरांनी मांडलं. महिना जुलै, शेवटचा आठवडा. आमच्याकडं पेरण्या होऊन पावसानं ओढ दिलेली. सोयाबीन दुपारी माना टाकत होतं आणि आम्ही ढग बघायला गाडी करून चाललो होतो. आप्पांच्या घरून या प्रकाराला काय नाव मिळालं ते छापण्याजोगं नाही.

बार्शी, पंढरपूर, कराड असं कोरडंठाक येऊन गाडी कुंभार्ली घाटात शिरली आणि पाऊस सुरू झाला. सुरू झाला म्हणजे तिथं तो चालूच होता, आम्ही त्याच्यात शिरलो. समुद्रावरून आलेला ढग सह्याद्रीला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि भार पश्चिमेला उतरवतो. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि आमच्याकडं त्याच्या पावपट पडला तरी लोक पेढे वाटतील. हे सगळं शाळेच्या भूगोलात होतं, पण आप्पांनी ते खिडकीतून पहिल्यांदाच पाहिलं. रस्त्याकडेच्या प्रत्येक धबधब्याला ते "हे बघा, हे पण वायाच" म्हणत होते. चिपळूण येईपर्यंत त्यांचा आवाज बसला.

गुहागरचा किनारा लांबच लांब, सरळ, मागं सुरूची झाडं. आम्ही पोचलो तेव्हा पाणी राखाडी, आभाळ राखाडी, मधली रेघ शोधावी लागेल अशी. ठेकेदार गाडीतून उतरले, इकडून तिकडं पाहिलं आणि म्हणाले, "रंग उडालाय." त्यांच्या मिसेसनी, म्हणजे आमच्या वहिनींनी, मुलांना व्हिडिओ कॉल लावला होता, त्यांनी कॅमेरा समुद्रावरून काढून गाडीतल्या सासूबाईंच्या डुलकीकडं वळवला.

सर मात्र हरखले. पण चौकट लावायला गेल्यावर त्यांचीही अडचण व्हायला लागली. वाळूचा पट्टा, पाण्याचा पट्टा, आभाळाचा पट्टा. तीन आडवे पट्टे, आणि पुढं धरायला काही नाही. उन्हातल्या फोटोत निदान सावली तरी कामाला येते. ढगाळ हवेत चौकटीत काय आहे आणि कुठं आहे यावरच सगळी भिस्त. म्हणून पुढं काहीतरी लागतं. खडक, ओंडका, दोरखंड, होडी. होड्या सापडल्या. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळं होड्या वर ओढून, निळी ताडपत्री घालून, दोऱ्यांनी करकचून बांधून ठेवलेल्या. सगळ्या राखाडीत ती एकच निळी. सर म्हणाले, "बघा, उन्हात हा निळा नुसता ओरडला असता. आत्ता बोलतोय." त्यांनी होडी उजव्या तिसऱ्या भागात घेतली, तिच्या दोरीची तिरपी रेघ पाण्याकडं जाईल असं बघितलं, आणि आभाळ बोटभर ठेवलं. फोटो सुरेख आला, हे मी ट्रायपॉडवाला म्हणून सांगत नाही.

त्या ट्रायपॉडचीही एक गंमत आहे. लाट येऊन गेली की पायाखालची वाळू सरकते आणि तीन पाय तीन वेगळ्या खोलीला जातात. मग क्षितिज कलतं, आणि समुद्राचं क्षितिज कलणं हे डोंगराच्या फोटोसारखं लपून जात नाही. सगळा अरबी समुद्र डाव्या हाताला वाहून चाललाय असं दिसतं. सरांच्या कॅमेऱ्यात क्षितिज मोजायची सोय होती. ठेकेदारांचा असल्या सोयींवर विश्वास नाही. ते गाडीकडं गेले आणि सीटखालून पाणसळ घेऊन आले. रविवारच्या सहलीला पाणसळ कशाला, असं विचारल्यावर म्हणाले, "गाडीत असतीच." कॅमेऱ्याच्या डोक्यावर त्यांनी ती आडवी धरली, बुडबुडा मध्ये येईपर्यंत एक डोळा मिटून पाय खालीवर करायला लावले आणि शेवटी निकाल दिला, "समुद्र बरोबर आहे."

सरांचा पुढचा धडा उजेड मोजण्याचा. कॅमेऱ्याचा मीटर म्हणजे सरकारी पैसेवारी. शिवारात काय पिकलंय ते बाजूला, सगळीकडं सरासरी एकच मधला आकडा असणार असं धरूनच तो निघतो. समोर पांढरं आभाळ आणि फेस जास्त असला की त्याला वाटतं, एवढा उजेड असणं शक्य नाही, आणि तो सगळं खाली ओढून मळकं करतो. म्हणून ढगाळ समुद्राला उजेड आपल्या हातानं थोडा वाढवून द्यावा लागतो. हा धडा आमच्यात सगळ्यात लवकर आप्पांना कळला. पन्नास पैशांच्या वर दाखवलेल्या पैसेवारीनं दुष्काळ कसा नाहीसा होतो, हे त्यांना कॅमेरा हातात येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं.

रंगांचा प्रश्न वहिनींनी सोडवला. त्यांची पिवळीधमक साडी. त्या पाण्याच्या कडेला वाकून काहीतरी बघत होत्या, मागं राखाडी पाणी, आणि सरांना चौकट सापडली. फिल्टर लावून, कॅमेऱ्याचा पडदा अर्धा सेकंद उघडा ठेवून ते ओरडले, "वहिनी, हलू नका!"

"भाऊजी, चप्पल चाललीय माझी!"

अर्ध्या सेकंदात लाटेचा फेस पसरून मऊ होतो हे खरं, पण तेवढ्याच वेळात वहिनी चपलेमागं चार पावलं जातात. फोटोत समुद्र फार सुंदर आला आणि वहिनींच्या जागी पिवळसर धूर. तो फोटो ठेकेदारांनी मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी हेदवी. तिथं उमामहेश्वराच्या देवळाजवळ समुद्राच्या कातळात एक अरुंद चीर आहे, बामणघळ म्हणतात. भरतीचं पाणी त्या चिरेत घुसतं, आत कोंडतं आणि मोठा आवाज करत उभं वर उडतं. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते, म्हणून सरांनी आदल्या दिवशीच्या वेळेत मिळवणी करून ठेवली होती. उशिराचं आम्हाला काही वाटत नाही, आमची देवीच उशिरामुळं आमच्याकडं आहे. त्यात पौर्णिमा जवळ आलेली, म्हणजे उधाण. तिथल्या एका आजोबांनी आमची तयारी पाहिली आणि शांतपणे सांगितलं, "त्या ओल्या रेघेच्या पुढं जाऊ नका हो. ती पाण्यानं स्वतः आखलेली आहे." पावसाळ्यात कातळावर पाऊल टाकण्याआधी हे एवढं वाक्य ऐकलं तर बाकी सूचनाफलकांची गरज पडू नये.

आम्ही ओल्या रेघेच्या अलीकडं थांबलो. सरांनी भिंगावर पोलरायझर चढवला आणि मला डोळा लावायला सांगितलं. कातळ काळा, ओला, आणि त्यावर आभाळाची पांढरी चकाकी पसरलेली. दगड आहे की पत्रा, कळत नव्हतं. "आता कडी फिरव, हळू." फिरवली. पाव फेरा गेला आणि ती पांढरी झिलई कडेपासून विरत गेली. खालून शेवाळाचा हिरवा वर आला, मग दगडाच्या छिद्राछिद्रात साचलेलं पाणी, पाण्याच्या तळाशी चिकटलेल्या करड्या शिंपा, एकीच्या टोपीवर गेलेला बारीक तडाही. ढग तसाच होता, दगड तोच होता. पुन्हा फिरवली तर चकाकी परत आली. मी कितीतरी वेळ तेच करत बसलो. शेवटी सर म्हणाले, "फोटो कधी काढणार?"

तेवढ्यात घळीतून पाणी उडालं आणि वाऱ्यानं त्याचा शिडकावा थेट भिंगावर. शेठनी तत्परतेनं गळ्यातला गमछा काढून भिंग पुसलं. खारं पाणी गमछ्यानं पुसलं की निघत नाही, पसरतं. त्यानंतरचे सगळे फोटो धुक्यातले आले आणि शेठना ते फार आवडले.

रात्री खानावळीत सरांनी मोबाइलवर जुने फोटो दाखवले. गुस्ताव ल ग्रे नावाचा फ्रेंच माणूस, साल १८५७ च्या सुमाराचं. तेव्हाच्या काचेवरच्या रसायनाला निळा रंग इतका पटकन लागायचा की समुद्र नीट येईपर्यंत आभाळ कोरंच्या कोरं होऊन बसायचं. मग त्यानं काही फोटोंत समुद्र एका काचेचा घेतला, ढग दुसऱ्या काचेचे, आणि क्षितिजावर जोडून टाकले. शेठ म्हणाले, "म्हणजे आभाळाचं दुखणं तेव्हापासूनचं." आप्पांना वेगळंच सुचलं. "म्हणजे पाहिजे तिथले ढग पाहिजे तिथं नेता येत होते? आणि हे फक्त फोटोतच?"

मग सरांनी हुकमाचं पान काढलं. आंद्रेआस गुर्स्की या जर्मन फोटोग्राफरचा १९९९चा ऱ्हाइन नदीचा फोटो. ढगाळ करडं आभाळ, करडं पाणी, मध्ये हिरव्या गवताचे पट्टे, खाली एक अरुंद वाट. बाकी काही नाही. हा फोटो २०११च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात त्रेचाळीस लाख डॉलरच्या वर गेला, म्हणजे त्या वेळच्या भावानं वीस कोटींच्या पुढं. त्या काळात तो जगातला सगळ्यात महाग फोटो ठरला.

टेबलावर शांतता पसरली. ठेकेदारांनी मोबाइल हातात घेतला, आडवा केला, उभा केला.

"हा आपल्या मांजऱ्याचा उजवा कालवा आहे," ते म्हणाले.

"आणि यात मुळात पलीकडं कारखान्याची इमारत होती, कुत्र्याला फिरवणारी माणसं होती," सर सांगत होते. "ती त्यानं कॉम्प्युटरवर पुसून टाकली."

"कुत्रं काढल्यावर वीस कोटी?"

"अहो, रचना बघा रचना."

"रचना बघितली, सर. पण यानं आभाळ कापलेलं नाही," आप्पा म्हणाले. "जवळजवळ अर्धं ठेवलंय." सरांनी सोलकढीचा पेला उचलला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. मला स्वतःला विचाराल तर आप्पांचा मुद्दा बिनतोड होता. बोटभर आभाळाचा नियम होडीला चालतो, कातळाला चालतो. पण ज्याला त्या आभाळाकडूनच काही यायचं आहे, त्यानं ते कापून पुढचा दगड सजवावा, ही अपेक्षा जरा जास्त होते.

घरी परतण्याआधीच सरांनी आपला सर्वोत्तम फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. ओला कातळ, हिरवं शेवाळ, मऊ फेस, बोटभर आभाळ. चार अंगठे आले, दोन हात जोडलेले, आणि एक प्रश्न, "सर, वरचा भाग डाउनलोड झाला नाही का?"

मग आप्पांनी आपला टाकला. तो त्यांनी मोबाइल डोक्यावर धरून, बघितल्याशिवाय काढलेला. खाली तिरक्या समुद्राची चिरोटी आणि बाकी वरपर्यंत नुसता ढग. ग्रुप जागा झाला. "वारं कुठलंय?" "हे काळं कुठल्या अंगाला?" "सरकायलंय का थांबलंय?" "आप्पा, त्याला पत्ता द्या इकडचा." कुणी तो मोठा करून त्यात थर मोजले, कुणी हवामान खात्याचा नकाशा शेजारी जोडला. दहा वर्षांत ग्रुपवर कधी न बोललेल्या एका काकांनी लिहिलं, "फोटो उत्तम."

पण त्या फोटोची खरी पारख केली ती फ्लेक्सवाल्यानं. आठवड्यात एका स्थानिक दादांचा वाढदिवस होता. फ्लेक्सला मागं लावायला फोटो हवा होता आणि त्याची नेहमीची तक्रार अशी की लोक देखावे आणतात ते भरगच्च. डोंगर, सूर्य, गुलाब, पक्षी, आणि मजकुराला जागाच नाही. शेठनी त्याला आप्पांचा ढग दाखवला. त्याचा चेहरा उजळला. "हे बघा, याला म्हणतात बॅकग्राउंड. सगळं मोकळं!" सरांनी जे पांढरं फटक म्हणून कापायला सांगितलं होतं तिथं मधोमध दादा आले, दोन्ही खांद्यांना दोन मोठे नेते आले, वर सोनेरी अक्षरांत शुभेच्छा आल्या, आणि उरलेल्या ढगात शुभेच्छुकांचे फोटो रांगेनं बसले. जागा पुरेना तेव्हा ते खाली समुद्रात उतरले.

चौकात फ्लेक्स लागला त्या दिवशी सर मुद्दाम बघायला गेले. बराच वेळ मान वाकडी करून पाहिल्यावर ते फ्लेक्सवाल्याला म्हणाले, "क्षितिज कललंय हो. सरळ तरी करायचं होतं."

"कुठाय क्षितिज?" त्यानं वर पाहिलं. "ते होय! ते तालुकाध्यक्षांच्या कानामागं गेलंय, सर. कुणाला दिसतंय."

आप्पांची तक्रार वेगळी होती. फोटो आपला, ढग आपला, आणि शुभेच्छुकांत आपण नाही. फ्लेक्सवाल्यानं त्यांना सांगितलं की पुढच्या वर्षी नक्की घेऊ, त्याची वर्गणी दीड हजार, कोपऱ्यात पाहिजे असेल तर हजारात भागेल. आप्पांनी हजार काढून दिले, पण कोपरा वरचाच पाहिजे म्हणाले.